हाइड पार्कची एका दिवसाची सहल: रूझवेल्ट यांचं घर, संग्रहालय आणि वाटेवर आनंदीबाई

गेल्या चार वर्षांत मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर आणि त्यांची लायब्ररी-संग्रहालय बघायला, तीन वेळा जाऊन आले. पहिल्या वेळी दुपारी दीडला पोचलो, आधी संग्रहालय बघू म्हणून आत शिरलो आणि बाहेर येऊन घराचं तिकीट मागितलं, तर त्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या. दुसऱ्या वेळी आईबाबा सोबत होते, पण बाबांच्या गुडघ्यांचा विचार मी आधी केला नव्हता, त्यामुळे अर्धा दिवस ते बाकावर बसून राहिले. तिसऱ्या वेळी सगळं नीट जमलं. आईबाबांना किंवा मुलांना घेऊन जाणाऱ्यांना निदान माझ्या पहिल्या दोन चुका तरी करायला लागू नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. ही ‘लायब्ररी’ म्हणजे नेमकं काय

आईला वाटलं होतं की पुस्तकांची कपाटं आणि वाचनाची टेबलं असतील. अमेरिकेत अध्यक्षांच्या नावाने जी लायब्ररी असते ती मुळात दफ्तरखाना असते. अध्यक्षांची पत्रं, टिपणं, भाषणांचे खर्डे, फोटो, भेटवस्तू असं सगळं तिथे जपलेलं असतं, आणि त्यालाच जोडून आपल्यासारख्यांना बघायला एक संग्रहालय असतं.

ही कल्पना फ्रँकलिन रूझवेल्ट यांची. त्यांच्याआधी अध्यक्ष पद सोडताना आपले कागद घरी घेऊन जात. मग वारसांत वाटणी होई, काही विकले जात, काही जळून जात. रूझवेल्ट यांनी ठरवलं की आपले कागद देशाचे, पण ते राहतील आपल्या गावात. आईच्या इस्टेटीतली १६ एकर जमीन त्यांनी दिली, बांधकामाचे पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले आणि ३० जून १९४१ रोजी संग्रहालय खुलं झालं. इमारतीचा पहिला आराखडा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता: हडसन खोऱ्यातला दगड आणि जुन्या डच घरांसारखं उतरतं छप्पर. पदावर असतानाच आपली लायब्ररी प्रत्यक्ष वापरणारे तेच एकमेव अध्यक्ष. युद्धाच्या काळात ते इथल्या अभ्यासिकेत बसून काम करत. नंतरच्या बहुतेक अध्यक्षांच्या लायब्रऱ्या याच नमुन्यावर उभ्या राहिल्या. पाहायची एकच असेल तर मी हीच सुचवेन.

२. पत्ता नीट टाका

इथे फसणारे बरेच आहेत. लाँग आयलंडवर ‘न्यू हाइड पार्क’ नावाचं गाव आहे, आपली बरीच मंडळी तिथे राहतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून थेट तिथे पोचलं होतं. आपल्याला जायचंय ते हाइड पार्क डचेस काउंटीत, पकिप्सीच्या उत्तरेला साधारण सहा मैलांवर आहे. पत्ता ४०७९ अल्बनी पोस्ट रोड. हाच रूट ९.

दुसरा घोटाळा नावाचा. थिओडोर रूझवेल्ट वेगळे, फ्रँकलिन रूझवेल्ट वेगळे. थिओडोर यांचं घर सॅगमोर हिल, ते लाँग आयलंडवर ऑयस्टर बे इथे आहे. दोघं लांबचे भाऊ, आणि फ्रँकलिन यांच्या पत्नी एलिनॉर या थिओडोर यांच्या सख्ख्या पुतणी. मुलांना हे गाडीतच सांगून टाका, नाहीतर आत गेल्यावर दर दहा मिनिटांनी प्रश्न येतो.

आणि पकिप्सीचं इंग्रजी स्पेलिंग बघून ‘पोघकीप्सी’ म्हणू नका. तिकीट खिडकीवरच्या माणसाला कळत नाही.

३. तिकीट: आवार एक, खाती दोन

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. स्प्रिंगवूड हे घर आणि आजूबाजूची बाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. लायब्ररी आणि संग्रहालय नॅशनल आर्काइव्ह्जकडे. दोन्ही एकाच आवारात, पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. दोन्हीची तिकिटं वॉलेस सेंटर या स्वागत इमारतीत मिळतात, त्यामुळे सगळं एकच आहे असं वाटतं. तसं नाही.

संग्रहालय आपण आपल्या चालीने बघतो. घर मात्र रेंजरबरोबरच (पार्क सर्व्हिसचा माहिती सांगणारा कर्मचारी), ठरलेल्या वेळेला, मोजक्या लोकांच्या गटाने. म्हणून घराची वेळ आधी पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी घ्या. सुट्टीच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा आगाऊ ऑनलाइन काढलेलं बरं. घर जुनं आहे, दुरुस्ती निघते, काही खोल्या बंद असू शकतात. निघण्यापूर्वी पार्क सर्व्हिसच्या पानावर त्या दिवसाची सूचना वाचा. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला जाऊ नका, बंद असतं. वॉशिंग्टनमध्ये बजेट अडून सरकारी कामकाज थांबलं असेल तर तेव्हाही.

तुमच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो पार्क सर्व्हिसच्या भागापुरता. संग्रहालयाचे पैसे वेगळे पडतात. शिवाय ६२ वर्षांवरच्यांचा जो स्वस्त सीनियर पास असतो तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही, त्यामुळे खिडकीवर वाद घालत वेळ घालवू नका.

४. सोबत काय घ्यायचं

- तिकिटाची पावती फोनवर आणि एक छापील प्रत. जुन्या दगडी इमारतीत सिग्नल दगा देतो.
- प्रत्येकाचं ओळखपत्र. पाहुण्यांचा पासपोर्ट.
- पास असेल तर तो आणि त्यावरच्या सहीशी जुळणारं फोटो ओळखपत्र.
- चालायचे बूट. दिवसभरात सहज तीन-चार मैल होतात.
- ज्येष्ठांसाठी काठी, औषधं, पाण्याची बाटली. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच विचारून ठेवा.
- डबा. आवारात खाण्याची सोय ऋतूप्रमाणे बदलते, शाकाहारी तर नशिबावर.
- मोठी पाठपिशवी गाडीतच ठेवा. घरात नेऊ देत नाहीत, बाबागाडीही नाही.

आणखी एक गोष्ट, ती मनावर घ्या. या खोऱ्यात हरणांवरची बारीक गोचीड फार, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. गवतात सतरंजी टाकून बसायचा मोह आवरा, बाकावर बसा. घरी आल्यावर मुलांच्या घोट्यामागे, गुडघ्यामागे आणि कानामागे नीट बघा.

५. जायचं कसं

गाडीने: एडिसनहून रूट २८७ ने उत्तरेला, सफर्नजवळ आय-८७ थ्रूवे, एक्झिट १८ न्यू पॉल्ट्झ. तिथून रूट २९९ ने पूर्वेला, मग ९डब्ल्यूने खाली आणि मिड-हडसन पुलावरून पलीकडे. टोलसाठी ई-झीपास लावा. हा पूल १९३० साली, रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना खुला झाला, आज त्यांचंच नाव त्याला आहे. पलीकडे रूट ९ ने उत्तरेला. एकूण दोन तास धरा, वाहतूक असेल तर अडीच. वाटेत हॅरिमनला वुडबरीचं खरेदीचं आउटलेट लागतं. कुणीतरी गाडीत म्हणतंच, ‘पंधरा मिनिटं थांबू’. थांबू नका, तिथून लवकर कोणी निघत नाही आणि घराची फेरी चुकते.

रेल्वेने: ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन, शेवटचं स्टेशन पकिप्सी, सुमारे दोन तास. तिकीट चढण्याआधी अॅपवर काढा, डब्यात काढलं तर जास्त पैसे पडतात. जाताना डावीकडच्या खिडकीला बसा. नदी सगळी वाट तुमच्या बाजूने चालते: पॅलिसेड्सचे काळे कडे, ऑसिनिंगला सिंग सिंग तुरुंगाच्या आवारातूनच जाणारा रूळ, पलीकडच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, आणि बीकनच्या अलीकडे बेटावरचा पडका किल्ला. बाबांनी हा प्रवासच सहल म्हणून धरला होता, आणि ते काही चूक नव्हतं. पकिप्सी स्टेशनवरून पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी मात्र आधीच ठरवून ठेवा. हाइड पार्कला गाडी बोलावली की लगेच येत नाही.

६. आधी घर

स्प्रिंगवूडमध्येच ३० जानेवारी १८८२ रोजी रूझवेल्ट जन्मले. दारातून आत आलं की उजव्या-डाव्या हाताला काय बघावं कळत नाही, इतकं सामान आहे. तरी पक्ष्यांचं काचेचं कपाट शोधा. लहानपणी त्यांनी पक्षी गोळा केले आणि पेंढा भरून जपले, ते आहेत.

मला सगळ्यात जवळची वाटली ती घरातली लिफ्ट. लिफ्ट कसली, ट्रंका वर चढवायचं लाकडी खोकं. १९२१ साली, ३९ व्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. त्यानंतर ते या खोक्यात खुर्चीसकट बसत आणि दोर हाताने ओढून स्वतःला वर नेत. वीज बसवता आली असती. पण आग लागली आणि वीज गेली तर आपण आतच अडकू, ही भीती त्यांच्या मनात होती. दोर आपल्या हातात असलेला बरा. चाकांची खुर्चीही अशीच, स्वयंपाकघरातल्या साध्या लाकडी खुर्चीला खाली चाकं लावलेली. हात नसलेली आणि अरुंद, म्हणजे जुन्या घराच्या दारांतून जाईल. बाबा त्या दोरापुढे बराच वेळ उभे होते. रेंजर पुढच्या खोलीत गेली, तिने हाक मारली, तेव्हा ते हलले.

वरच्या मजल्यावर जायला जिना चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढतानाच सांगावं. दुसऱ्या खेपेला आम्ही ते सांगितलं नाही आणि बाबा खालीच राहिले. वर त्यांच्या झोपण्याच्या खोलीत व्हाइट हाउसशी थेट जोडलेला फोन आहे, आणि खुर्चीवर फाला या लाडक्या कुत्र्याची साखळी.

फोटो काढता येतात, फ्लॅश बंद करा. रेंजरला प्रश्न विचारा. ही माणसं मनापासून सांगतात, पण विचारल्याशिवाय सगळं सांगायला वेळ नसतो.

घराबाहेर आल्यावर अल्बनी पोस्ट रोडकडे जाणारा झाडांचा लांब रस्ता दिसतो. पोलिओनंतर रूझवेल्ट कुबड्या घेऊन हा रस्ता चालायचा सराव करत. शक्य असेल तर त्यावरून थोडं चाला. आत पाहिलेल्या त्या खुर्चीनंतर हे अंतर वेगळंच लांब वाटतं.

७. मग संग्रहालय

किमान दोन तास ठेवा. सगळं वाचत बसलात तर दिवस संपेल, म्हणून मी काय बघा ते सांगते.

पहिलं, रेडिओच्या खोल्या. त्या काळची बैठकीची खोली मांडली आहे, तिथे बसून रूझवेल्ट यांच्या ‘शेकोटीजवळच्या गप्पा’ ऐकता येतात. पहिली १२ मार्च १९३३ ची. बँका बंद पडलेल्या, लोकांनी पैसे गाद्यांखाली दडवलेले, आणि हा माणूस रेडिओवरून शांतपणे समजावतो की बँक तुमचे पैसे कपाटात कुलूप लावून ठेवत नाही, ते कर्जाऊ देते, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितले तर देता येत नाहीत. इंग्रजी इतकं सोपं आणि संथ की आईला एकदाही अर्थ विचारावा लागला नाही.

दुसरं, पर्ल हार्बरच्या भाषणाचा खर्डा. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी टंकलेखकाला सांगून लिहवून घेतलं, मग पेन्सिल हातात घेतली. पहिल्या वाक्यात आधी होतं की ही तारीख जगाच्या इतिहासात राहील. ‘जगाच्या इतिहासात’ वर रेघ मारून त्यांनी वर एकच शब्द लिहिला, ज्याचा अर्थ होतो कलंक, दुष्कीर्ती. मूळ कागद नाजूक असतात, नेहमी बाहेर ठेवत नाहीत, पण प्रत असली तरी ती रेघ जवळून बघा. लिहिणाऱ्या माणसाने तर बघाच.

तिसरं, पायांच्या लोखंडी पट्ट्या आणि खाली ठेवलेली १९३६ ची फोर्ड फेटन. ब्रेक, क्लच सगळं हातानं चालवायची सोय करून घेतली होती. याच गाडीतून ते पाहुण्यांना इस्टेट दाखवत. मुलांना मात्र त्यांचा चेहरा लावलेला स्फिंक्स आवडतो, कागदाच्या लगद्याचा, माणसापेक्षा उंच. तिसऱ्यांदा निवडणूक लढवणार का, यावर रूझवेल्ट गप्प होते, म्हणून १९३९ मध्ये पत्रकारांनी मेजवानीसाठी तो बनवला. त्यांनी तो हौसेने मागून घेतला आणि इथे ठेवला.

जाण्याआधी घरी एक गोष्ट वाचून जा. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, सेवाग्रामहून, वर्धा मार्गे. अमेरिकन पत्रकार लुई फिशर त्याआधी आठवडाभर आश्रमात राहून गेले होते, त्यांच्यामार्फत ते पाठवलं. भारत आणि आफ्रिका ब्रिटनच्या ताब्यात आहेत आणि अमेरिकेत काळ्यांचा प्रश्न तसाच आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो हे दोस्त राष्ट्रांचं म्हणणं पोकळ वाटतं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. भारत स्वतंत्र झाला तरी दोस्तांचं सैन्य करार करून इथे राहू शकेल, हेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या छापील कागदपत्रांत हे पत्र ऑनलाइन वाचायला मिळतं. ते वाचून आलात की युद्धाच्या दालनातले नकाशे नुसते नकाशे राहत नाहीत.

एलिनॉर यांचा भाग घाईत सोडू नका. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि त्याच आयोगावर भारताकडून हंसा मेहता होत्या, एके काळच्या मुंबई विधान परिषदेच्या सदस्य. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होईल असे शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आले ते हंसाबेनमुळे.

८. गुलाबाची बाग

घर आणि संग्रहालय यांच्या मधोमध हिरव्या उंच कुंपणात गुलाबाची बाग आहे. तिथे पांढऱ्या संगमरवराच्या साध्या चौकोनी शिळेखाली दोघांना पुरलं आहे. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले, एलिनॉर ७ नोव्हेंबर १९६२ ला. फालाही जवळच आहे, सूर्यघड्याळाशी. पंडित नेहरू ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकेला आले तेव्हा इथे आले होते. गुलाब बघायचे तर जूनमध्ये जा.

आता जेवून घ्या. एलिनॉर यांचं व्हॅल-किल हे घर दोन मैलांवर आहे आणि व्हँडरबिल्ट यांचा वाडाही जवळच. एका दिवसात हे सगळं उरकायला जाऊ नका. त्यातून एखादं निवडायचंच असेल तर व्हॅल-किल. पण माझं ऐकाल तर तो वेळ पुढच्या ठिकाणासाठी ठेवा.

९. परतताना पकिप्सीला आनंदीबाईंपाशी थांबा

हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी पकिप्सीत आहेत.

१८८३ साली १८ वर्षांच्या आनंदीबाई बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, आणि क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय पुरं २२ देखील नव्हतं. त्यांचे पती गोपाळराव यांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, स्वतःच्या माणसांत ठेवल्या.

जागा पकिप्सी रूरल सिमेटरी. रूट ९ वरच, मिड-हडसन पुलाच्या दक्षिणेला काही मिनिटांवर, म्हणजे गाडीवाल्यांना फारसा फेरा पडत नाही. रेल्वेने आलेल्यांनी स्टेशनवर जाण्याआधी टॅक्सी इकडून घ्यावी आणि थांबवून ठेवावी. आवार मोठं, झाडीचं, चढउताराचं आहे, नुसतं फिरून कबर सापडत नाही. आम्ही पहिल्यांदा पाऊण तास फिरलो आणि अंधार पडायला लागला म्हणून तसेच परतलो. आदल्या कामाच्या दिवशी ऑफिसला फोन करून जोशी आणि कार्पेंटर ही दोन्ही नावं सांगा, लॉटचा नंबर आणि जायची वाट विचारून ठेवा. आडनावाचं स्पेलिंग शिळेवर जुन्या पद्धतीचं आहे, शेवटी दोन ई. शनिवार-रविवारी ऑफिसात कोणी भेटेल यावर विसंबू नका. आणि संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत बाहेर या.

शिळेवर त्यांचं नाव आहे, पुढे डॉक्टरची पदवी, १८६५ आणि १८८७ ही सालं, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद. आई माहेरची कल्याणची, आनंदीबाईंचा जन्मही कल्याणचा. आईने पर्समधला रुमाल पाण्याने ओला केला आणि अक्षरांत साचलेली माती पुसली. मग त्यावर काय ठेवावं ते तिला सुचेना. फुलं आणायचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही जाताना हाइड पार्कच्या वाटेवर कुठल्याही सुपरमार्केटात थांबून एक जुडी घ्या, आणि ती गाडीत उन्हात ठेवू नका.